आकडा आधी, शस्त्रक्रिया नंतर : तालुक्याच्या एका रुग्णालयातील खर्चाचा लेखी अंदाज

जानेवारी २०२५ मध्ये माझ्या वडिलांच्या हर्नियाची शस्त्रक्रिया यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, वीस खाटांच्या खासगी रुग्णालयात झाली. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली, बाबा पुन्हा शेतात जाऊ लागले आहेत आणि डॉक्टरांच्या हाताविषयी माझी कोणतीही तक्रार नाही. परंतु हा अभिप्राय त्याविषयी नाही. या रुग्णालयाने खर्चाचा जो लेखी अंदाज आम्हाला आधी दिला, तो कसा होता, कितपत खरा ठरला आणि त्यात काय राहून गेले, एवढेच मला लिहायचे आहे. रुग्णालयाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे काही उणिवाही येणार आहेत आणि गाव इतके लहान आहे की आठवडी बाजारात डॉक्टरांची नि माझी गाठ पडल्यावाचून राहत नाही.

मी येथील एका पतसंस्थेत सतरा वर्षांपासून रोखपाल आहे, आणि सोनेतारणाच्या टेबलावर लग्नाइतकेच दवाखान्याचेही कारण ऐकू येते. माणूस पहिल्या दिवशी येतो तेव्हा बचत खात्यातील पैसे काढतो आणि म्हणतो की डॉक्टरांनी तीस सांगितले आहेत. तीन दिवसांनी तोच माणूस मुदत ठेव मोडायला येतो. आणखी दोन दिवसांनी त्याची बायको पदराखाली काहीतरी धरून बाकावर बसलेली दिसते, तेव्हा विचारावे लागत नाही. पहिल्याच दिवशी खरा आकडा कळला असता तर यांतील पुष्कळांनी दुसरा मार्ग शोधला असता. कोणी सरकारी रुग्णालयात गेले असते, कोणी शस्त्रक्रिया महिनाभर पुढे ढकलली असती, कोणी निदान भावाकडे वेळेवर शब्द टाकला असता.

आमच्या घरातही हे घडलेले आहे. माझ्या दिरांच्या मूतखड्याची शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या गावी झाली. तेथे काउंटरवर विचारले असता ‘पन्नास-साठ धरून चाला’ असे उत्तर मिळाले होते, आणि रुग्णालयातून सुट्टी मिळाली त्या दिवशी बिल आले १,१२,००० रुपयांचे. त्यात ‘इतर’ या नावाची एक ओळ होती आणि तिच्यासमोर १८,४०० रुपये लिहिलेले होते. आमच्या संस्थेच्या हिशेबात मी ‘इतर’ म्हणून एवढी रक्कम दाखवली, तर लेखापरीक्षक मला दिवसभर उभे करतील. तेथे मात्र तपशील मागितला तेव्हा ‘संगणकात असेच येते’ असे सांगण्यात आले. शस्त्रक्रिया ठरलेली होती, तातडीची नव्हती. दिवस आधी माहीत होता, खोली आधी माहीत होती, यंत्र त्यांचेच होते. अशा वेळी आकडा दुपटीच्या घरात जातो, तेव्हा तो अंदाज चुकला असे म्हणवत नाही. तो अंदाज कधी केलाच नव्हता असे म्हणावे लागते.

या पार्श्वभूमीवर बाबांना घेऊन मी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात या रुग्णालयात गेले. तपासणी झाल्यावर डॉक्टर शस्त्रक्रियेची माहिती देऊ लागले, तर बाबांनी त्यांना मध्येच थांबवले आणि म्हणाले, “डॉक्टर साहेब, पयले आकडा सांगा, मंग कापा.” मला अवघडल्यासारखे झाले, परंतु डॉक्टर हसले आणि म्हणाले, “काकाजी, आकडा तोंडी नाही सांगत, कागदावरच देतो.” बाबांना ठाऊक नव्हते, पण त्यांचे वाक्य नियमाला धरूनच होते. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणासाठी भारतीय वैद्यक परिषदेने २००२ मध्ये जे विनियम केले, त्यांत स्पष्ट म्हटले आहे की डॉक्टरने आपले शुल्क सेवा देण्यापूर्वी सांगावे, शस्त्रक्रिया किंवा उपचार सुरू झाल्यानंतर नव्हे.

कागद देण्याआधी डॉक्टरांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या, आणि माझ्या मते कागदाइतकेच त्यांचेही मोल आहे. पहिली अशी की हे रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीत नाही, त्यामुळे शिधापत्रिका दाखवून येथे काही उपयोग होणार नाही. योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, यादीतील प्रत्येक रुग्णालयात त्यासाठी आरोग्यमित्र बसलेला असतो, आणि अनेक कुटुंबे योजना लागू असेल या समजुतीनेच भरती होऊन नंतर अडकतात. दुसरी गोष्ट अशी की हीच शस्त्रक्रिया यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात करता येईल आणि तेथे खर्च अगदी कमी येईल. आम्ही तेथे गेलो नाही, ते आमच्या घरच्या अडचणीमुळे. कापसाची वेचणी चालू होती आणि यवतमाळला बाबांजवळ मुक्कामाला राहील असे माणूस घरात मोकळे नव्हते. परंतु समोरच्या गिऱ्हाइकाला स्वस्त दुकान दाखवणारा दुकानदार विरळाच असतो, म्हणून हे नोंदवून ठेवते.

आता त्या कागदाविषयी. तो रुग्णालयाच्या नावाच्या छापील पानावर होता, मराठीत होता आणि त्यावर आठ ओळी होत्या. दोन खाटांची, वातानुकूलन नसलेली खोली, तीन दिवस, रोज १,२०० प्रमाणे ३,६०० रुपये. शस्त्रक्रियेचे शुल्क १४,०००. भूलतज्ज्ञाचे ४,५००. शस्त्रक्रियागृहाचे ५,०००. परिचारिकांची सेवा तीन दिवसांची, रोज ४०० प्रमाणे १,२००. रक्ताच्या तपासण्या, ईसीजी आणि छातीचा एक्स-रे मिळून २,४००. हर्नियासाठी बसवायची जाळी ४,५०० ते ६,०००, आणि औषधे व सलाईन ४,००० ते ५,५००. बेरीज ३९,२०० ते ४२,२०० रुपये. खाली एक वाक्य होते की प्रकृतीत बदल झाल्यास किंवा मुक्काम वाढल्यास खर्च वाढेल, व तसे झाल्यास नातेवाइकांना आधी सांगण्यात येईल. अंदाज तीस दिवस ग्राह्य धरला जाईल असेही लिहिलेले होते.

या कागदातील मला सर्वांत पटलेली बाब म्हणजे सहा ओळींवर नेमका आकडा होता आणि फक्त दोन ओळींवर ‘पासून ते पर्यंत’ होते. जे रुग्णालयाच्या स्वतःच्या हातात आहे, त्याचा भाव ठरलेला असतो; खोलीचे भाडे रुग्णाच्या पोटात काय सापडते यावर अवलंबून नसते. जाळीचा आकार शस्त्रक्रियेच्या वेळी ठरतो आणि औषधे प्रकृतीनुसार कमी-जास्त होतात, म्हणून तेथे अंतर ठेवणे समजण्यासारखे आहे. ‘पन्नास-साठ धरून चाला’ या उत्तरात ठरलेल्या आणि न ठरलेल्या गोष्टी एकाच पोत्यात भरलेल्या असतात, त्यामुळे शेवटी नेमके काय वाढले हे विचारायलाही जागा उरत नाही.

कागदावर सही-शिक्का मात्र नव्हता. मी काउंटरवर परत जाऊन “भाऊ, यावर शिक्का मारून द्या” असे म्हटले, तेव्हा तेथील मुलाने क्षणभर माझ्याकडे पाहिले, आत जाऊन विचारून आला आणि शिक्का, सही व तारीख घालून दिली. मागितल्यावर देतात ही चांगली गोष्ट आहे. परंतु न मागणाऱ्याच्या हातात बिनसहीचा कागद जातो, आणि बिनसहीच्या कागदाला आमच्या व्यवसायात कच्ची चिठ्ठी म्हणतात.

कागद हातात आला आणि शस्त्रक्रियेची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली, याचा घरी काय उपयोग झाला हे सविस्तर सांगितले पाहिजे. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पैसा घरात नसतो, कापसाच्या रूपाने ओसरीवर रचलेला असतो. गावात येणारा खेडा खरेदीचा व्यापारी त्या आठवड्यात क्विंटलला ६,८०० रुपये देत होता आणि रोख देत होता. लांब धाग्याच्या कापसाचा त्या हंगामातील हमीभाव ७,५२१ रुपये होता. परंतु भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या, केंद्रावर माल न्यायचा तर सातबाऱ्यावर पिकाची नोंद लागते, आधार जोडलेले खाते लागते, गाडी लावावी लागते, ओलावा मोजून घ्यावा लागतो आणि पैसे खात्यात यायला काही दिवस थांबावे लागते. दवाखान्यात उद्या पैसे भरायचे असतील, तर हे काहीच जमत नाही. मग माणूस व्यापाऱ्याला फोन करतो आणि वजनात कट्टीही, म्हणजे कपातही, सोसतो. आम्हाला तीन आठवडे मिळाले. ओलाव्यापोटीची कपात जाऊन आमच्या कापसाला ७,४०० रुपये भाव मिळाला आणि पैसे नवव्या दिवशी खात्यात आले. बारा क्विंटलांवर क्विंटलमागे ६०० प्रमाणे ७,२०० रुपयांचा फरक पडला. गाडीचे भाडे वजा केले तरी भूलतज्ज्ञाचे शुल्क त्या फरकातून निघाले असे बाबा म्हणतात, आणि हिशेब करून पाहिला तर त्यांचे म्हणणे बरोबर आहे.

नोकरदाराला पगाराची तारीख माहीत असते, म्हणून त्याला खर्चाचा अंदाज म्हणजे सोय वाटते. शेतकऱ्याच्या बाबतीत तो अंदाज माल कोणाला आणि कोणत्या भावाने विकायचा हे ठरवतो, आणि उशिरा मिळालेला अंदाज मालाचा भाव पाडतो. आरोग्याचा खर्च आणि सुगी यांचा हा संबंध विदर्भात कोणी ओळखलाच नाही असे नाही. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने भोवतालच्या गावांतील कुटुंबांकडून ज्वारीच्या रूपात वर्गणी घेऊन उपचारांची योजना राबवली होती, आणि रोख रकमेऐवजी ज्वारी घेण्यामागचे कारण आमच्याकडील कोणत्याही शेतकऱ्याला समजावून सांगावे लागणार नाही.

भरतीच्या दिवशी १५,००० रुपये आगाऊ भरायला सांगितले. ते यूपीआयने भरता आले, परंतु पावती म्हणून आधी साध्या चिठ्ठीवर रक्कम लिहून दिली. क्रमांक असलेली पावती मागितल्यावर मिळाली. पुन्हा तेच, मागितल्यावर.

प्रवेशद्वारापाशी दरपत्रकाचा फलक आहे. १४ जानेवारी २०२१ रोजी महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत जी सुधारणा झाली, तिच्यानुसार खासगी रुग्णालयाने पंधरा बाबींचे दर दिसतील असे लावणे बंधनकारक आहे. प्रवेश शुल्क, खाटेचे रोजचे भाडे, डॉक्टरांच्या भेटीचे शुल्क, भूल, शस्त्रक्रियागृह, प्राणवायू, एक्स-रे, सोनोग्राफी इत्यादी त्यांत येतात. त्याच सुधारणेनुसार रुग्ण हक्कांची सनद लावणे आणि तक्रारीसाठीचा क्रमांक दाखवणे हेही आवश्यक आहे. येथील दरपत्रकात सर्व रकाने भरलेले होते आणि अतिदक्षता विभागासमोर ‘सोय नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिलेले होते. आमच्या कागदावरील दर आणि फलकावरील दर मी ताडून पाहिले, ते जुळले. सनद मात्र एका औषध कंपनीच्या मोठ्या दिनदर्शिकेखाली अर्धी झाकलेली होती, आणि तक्रारीचा क्रमांक नेमका त्या झाकलेल्या अर्ध्या भागात होता. दिनदर्शिका उचलून मी तो लिहून घेतला. अशा तक्रारी पाहण्याचे काम आमच्याकडे जिल्हा शल्यचिकित्सकांचे असते, हे येथे जाताजाता सांगून ठेवते.

शस्त्रक्रिया कमरेत इंजेक्शन देऊन झाली आणि त्यानंतर बाबांना लघवी होईना. अशी भूल दिल्यावर वयस्कर पुरुषांत असे पुष्कळदा होते, असे डॉक्टरांनी सांगितले; नळी घालावी लागली आणि मुक्काम एक दिवसाने वाढला. या प्रसंगी रुग्णालय जसे वागले ते मला लेखी अंदाजापेक्षाही अधिक महत्त्वाचे वाटते. तिसऱ्या दिवशी रात्री आठच्या सुमारास परिचारिका आणि काउंटरवरील मुलगा दोघेही खोलीत आले, त्यांनी वाढीव दिवसाचे भाडे, परिचारिका सेवा आणि नळी यांचे आकडे आमच्याच कागदाच्या मागील बाजूस लिहिले, आणि “ताई, वाचून सही करा” असे म्हटले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णांच्या सतरा हक्कांची जी सनद तयार केली, तीत उपचाराच्या अपेक्षित खर्चाची माहिती मिळण्याचा हक्क तर आहेच, शिवाय प्रकृतीतील किंवा उपचारांतील बदलामुळे वाढणारा खर्च लेखी कळवावा असेही आहे. दिरांच्या वेळी वाढलेला खर्च आम्हाला सुट्टीच्या दिवशी कळला, म्हणजे नाही म्हणण्याची वेळ टळून गेल्यावर. येथे तो आदल्या रात्री कळला. त्या रात्री आम्ही नाही म्हणणार नव्हतोच. पण सकाळी पैसे घेऊन येणाऱ्या भावाला किती आणायचे हे सांगता आले.

अंतिम बिल ४४,८५० रुपयांचे झाले. ठरलेल्या सहा ओळींत एका रुपयाचाही फरक नव्हता. जाळीचे ५,६०० लागले, म्हणजे वरच्या मर्यादेपेक्षा ४०० कमी. औषधे ६,३०० ची झाली, म्हणजे मर्यादेपेक्षा ८०० जास्त. वाढलेल्या दिवसाचे भाडे १,२००, परिचारिका ४०० आणि नळीचे ६५०. अंदाजाच्या वरच्या आकड्यापेक्षा एकूण २,६५० रुपये अधिक, म्हणजे सव्वासहा टक्क्यांच्या आसपास, आणि त्यातील प्रत्येक रुपया कशाचा हे मी आत्ता डोळे मिटून सांगू शकते. बिलात ‘इतर’ नावाची ओळ नव्हती.

जाळीविषयी थोडे अधिक लिहिते, कारण अशा वस्तूंत सामान्य माणसाची नजर चुकते. मी जाळीचे रिकामे वेष्टन मागितले, ते त्यांनी दिले, आणि त्यावरील कमाल किरकोळ किंमत ९,८५० रुपये होती. आपल्याकडून ५,६०० च घेतले म्हणून आम्ही सुखावलो, पण कामावर परत गेल्यावर विचार केला की ज्या वस्तूवर ९,८५० छापून ती ५,६०० ला विकणे परवडते, तिची खरी किंमत कोणती? हृदयातील स्टेंटच्या किमतीवर सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये आणि गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मर्यादा घातली. हर्नियाच्या जाळीला तशी वरची मर्यादा नाही. वैद्यकीय उपकरणांची छापील किंमत वर्षभरात दहा टक्क्यांपेक्षा अधिक वाढवता येत नाही, एवढेच बंधन आहे. मुळात फुगवून छापलेल्या किमतीला त्याचा काय लगाम बसणार? म्हणून जाळी किती स्वस्त दिली यापेक्षा तिची किंमत अंदाजात आधी लिहिली होती की नाही, हेच पाहावे. येथे लिहिली होती.

उणिवांकडे येते. औषधे रुग्णालयाच्या आतील दुकानातूनच आली. बाहेरून आणू का, असे मी विचारले तेव्हा कोणी नाही म्हटले नाही, परंतु चिठ्ठी आमच्या हाती येण्याआधीच औषधे खोलीत पोचलेली असायची, आणि उघडलेली सलाईन परत कोण करणार? रुग्णाला औषधे आणि तपासण्या हव्या त्या ठिकाणाहून घेण्याचा हक्क आयोगाच्या त्याच सनदेत आहे. अंदाजातील जी एकमेव ओळ मर्यादा ओलांडून गेली ती औषधांचीच होती, आणि तिच्यावर आमचा काहीच ताबा नव्हता, हे मी योगायोग मानत नाही.

दुसरी उणीव याहून मोठी आहे. आमच्या शेजारच्या खोलीत पहिलटकरीण होती. तिच्या सासूने खर्च विचारला, तर तिला काउंटरवरून नैसर्गिक प्रसूतीचा एक आकडा आणि सिझेरियनचा दुसरा, असे दोन आकडे तोंडी सांगण्यात आले. कागद मिळाला नाही. मी काउंटरवरील मुलाला कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला की प्रसूतीचे आधी काही सांगता येत नाही. काय होईल ते सांगता येत नाही हे खरे आहे, पण जे होईल त्याचा दर सांगता येतोच. तो फलकावर आहे. प्रसूतीची तारीख तर हर्नियाच्या तारखेपेक्षा कितीतरी आधी माहीत असते. एका कागदावर दोन रकाने केले की काम झाले. बाळाला पेटीत ठेवावे लागले तर ते येथे होणार की दुसरीकडे न्यावे लागणार, हेही त्यावर लिहिता येईल, कारण अशा वेळी रुग्णवाहिकेचे भाडे कोण देणार याचा विचार मध्यरात्री करावा लागतो.

अंदाज किती चुकला तर तो चुकला म्हणायचा, याची रेषा आपल्याकडे आखलेली नाही. माझा मामेभाऊ अमेरिकेत असतो. त्याने सांगितल्यावर मी माहिती काढली. तेथे १ जानेवारी २०२२ पासून असा कायदा लागू आहे की विमा नसलेल्या किंवा स्वतः पैसे भरणाऱ्या रुग्णाने ठरलेल्या उपचारासाठी वेळ घेतली, की त्याला खर्चाचा लेखी अंदाज ठरावीक दिवसांत मिळाला पाहिजे, आणि बिल त्या अंदाजापेक्षा ४०० डॉलर किंवा त्याहून अधिक वाढले तर त्याला १२० दिवसांच्या आत दाद मागता येते. तेथील उपचारांचे भाव पाहता ४०० डॉलर ही बारीक रक्कम आहे. तिकडची व्यवस्था आपल्यापेक्षा सुखाची आहे असे मामेभाऊही म्हणत नाही. पण रेषा आखलेली असली की रुग्णालयाला आकडा लिहितानाच हात आखडून लिहावा लागतो. आपल्याकडे सनद भिंतीवर आहे, दरपत्रक भिंतीवर आहे, परंतु साठ सांगून एक लाख बारा हजार घेतले तर ते किती टक्क्यांनी गैर झाले, हे कोणत्याही भिंतीवर लिहिलेले नाही.

बिलासोबत डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे अहवाल आणि शस्त्रक्रियेची टिपणे त्याच दिवशी मिळाली. त्याविषयी लिहिण्यासारखे अधिक काही नाही.

घरी आल्यानंतर ड्रेसिंगसाठी एकदा आणि टाके काढण्यासाठी एकदा असे दोनदा जावे लागले. दोन्ही वेळा २०० रुपये घेतले. रक्कम किरकोळ आहे, परंतु ती कागदावर नव्हती, आणि आमच्या गावाहून तालुक्याला येण्याजाण्याचा ऑटो धरला तर दोन फेऱ्यांचे हजाराच्या घरात जातात. दुसऱ्या वेळी मी काउंटरवर तो शिक्क्याचा कागद दाखवला आणि म्हटले की यात हे नाही. मुलाने तो उलटसुलट पाहिला. “ताई, हे आम्ही कधीच धरत नाही,” असे तो म्हणाला, आणि पैसे घेतलेच. मीही दिले.

मार्चमध्ये माझ्या चुलतभावाला तेथेच हर्नियासाठी दाखवले, तेव्हा त्याला मिळालेला कागद मी मागून पाहिला. छापील आठ ओळी त्याच होत्या, शस्त्रक्रियेचे शुल्क तेवढेच होते, आणि खाली निळ्या शाईच्या पेनाने नववी ओळ वाढवलेली होती : ‘ड्रेसिंग व टाके वेगळे, प्रत्येक वेळी २००’. शिक्का न मागता मारलेला होता. प्रसूतीच्या रुग्णांना कागद देतात का, हे विचारायला मी त्याला सांगितले होते. अजून देत नाहीत.